गाडी येईपर्यंत: गरोदर बाई, लेकरू, म्हातारं माणूस आणि दिव्यांग व्यक्तीला आधी काय करायचं

आमच्या उपकेंद्राजवळच्या एका वस्तीत आजोबा दुपारी जेवायला बसले होते. भाकरी कुस्करता कुस्करता उजवा हात थांबला आणि ते डाव्या हातानं घास घ्यायला लागले. मोठी माणसं बोलण्यात होती. पाहिलं ते आठ वर्षांच्या नातीनं. "आजोबा, आज डाव्या हातानं का जेवताय?" सुनेनं वळून बघितलं तर ओठाच्या एका कोपऱ्यातून कालवण ओघळत होतं. तिनं आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग 108 लावला. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, त्रास कधी सुरू झाला? सून म्हणाली, "एक वाजून वीस मिनिटांनी." त्या एका उत्तरामुळे लकव्याचा पुढचा उपचार लगेच ठरला.

मराठवाड्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात बावीस वर्षं एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली नर्स, म्हणून काम करताना मला एक गोष्ट पक्की कळली आहे. गरोदर बाई, लहान लेकरू, म्हातारं माणूस आणि दिव्यांग व्यक्ती यांच्या शरीरात धोका नेहमीच्या खुणांनी दिसत नाही. तो आधी कळतो रोज सोबत राहणाऱ्या माणसाला. म्हणून हा लेख मी घरातल्या माणसांसाठी लिहिते आहे. वाडी-तांड्यावर गाडी पोचायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ रुग्ण तुमच्याच हातात असतो.

फोन कसा लावायचा

जीवावरचं संकट असेल तर 108. ही सेवा महाराष्ट्रात 2014 पासून मोफत आहे आणि गाडीत डॉक्टर असतात. गरोदर बाईला दवाखान्यात न्यायला, बाळंतपणानंतर घरी सोडायला आणि आजारी नवजात बाळासाठी 102. पोलीस किंवा अग्निशमनही लागणार असेल तर 112.

आधी जिल्हा आणि तालुका सांगा, मग गाव. पिंपळगाव, वडगाव, पिंपरी ही नावं कितीतरी तालुक्यांत आहेत आणि गाडी भलत्याच पिंपळगावला निघू शकते. त्यानंतर फाट्यावरची खूण सांगा: मारुतीचं देऊळ, पाण्याची टाकी, शाळा. एक माणूस मोटारसायकलवर फाट्यावर पाठवा. रात्री असेल तर मोबाईलची बॅटरी लावून उभं राहू द्या. ज्या फोनवरून बोललात तो मोकळा ठेवा. पाहुण्यांना कळवायला दुसरा फोन वापरा. डोंगरात रेंज कुठे मिळते, कुठल्या गच्चीवर की कुठल्या बांधावर, हे घरातल्या प्रत्येकाला आधीच ठाऊक हवं.

माणूस हाक मारूनही उठत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, किंवा मध्येच आचके दिल्यासारखा येत असेल, तर छातीवर दाब द्यायला लागा. मोठ्या माणसाला छातीच्या मधोमध तळहाताच्या टाचेनं 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. दमलात की दुसऱ्यानं घ्यावं, पण थांबायचं नाही. या चौघांत त्यात काय बदल करायचा ते पुढे त्या त्या ठिकाणी येईल.

गरोदर बाई

पाच महिने उलटले की गर्भाशय एवढं जड होतं की बाई उताणी झोपली तर पोटामागची मोठी रक्तवाहिनी दाबली जाते. हृदयाकडे रक्त कमी जातं, चक्कर येते, बाळालाही कमी मिळतं. म्हणून कसलाही त्रास असो, तिला डाव्या कुशीवर वळवा. पाठीमागे गोधडीची घडी किंवा उशी लावा. छातीवर दाब द्यायची वेळ आली तर मात्र कूस नको. तिला उताणं आणि सपाट ठेवा, एकानं दाब द्यावा आणि दुसऱ्यानं दोन्ही हातांनी पोट तिच्या डाव्या बाजूला सरकवून धरावं. घास अडकला असेल तर पोट दाबायचं नाही. पाठीवर थापट्या आणि मागून छातीच्या मधोमध झटके द्यायचे.

मोटारसायकलवरून पडलेली गरोदर बाई उठून कपडे झटकते आणि "काही नाही झालं" म्हणते. तिला तशी घरी नेऊ नका. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळपास 40 ते 50 टक्क्यांनी वाढलेलं असतं, त्यामुळे आत बरंच रक्त वाहून गेलं तरी नाडी आणि बीपी काही वेळ ठीक दिसतात. वार (प्लासेंटा) सुटली असेल तर बाळ त्याआधीच संकटात येतं. पोट दगडासारखं कडक लागणं, सतत दुखणं, अंगावरून लाल जाणं, बाळाची हालचाल कमी होणं यातलं काहीही असेल तर सरळ 108. काहीच नसलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा.

शेवटच्या तीन महिन्यांत रक्त गेलं, दुखत असो वा नसो, कुणीही आत हात घालून तपासायचं नाही. वार खाली गर्भाशयाच्या तोंडाशी असेल तर एका बोटानं रक्ताचा लोट सुटतो.

झटके आले, त्याआधी डोकं फार दुखत होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, चेहरा-हात सुजले होते, तर ही साधी मिरगी समजू नका. बीपी वाढून आलेले हे झटके आई आणि बाळ दोघांचाही जीव घेऊ शकतात, आणि बाळंतपणानंतरही काही आठवडे येऊ शकतात. डाव्या कुशीवर घ्या, आजूबाजूची भांडी-विळी दूर करा, तोंडात काही घालू नका, पाणी पाजू नका. चप्पल आणि कांदा हुंगवण्यात मिनिटं घालवू नका. फोनवर "गरोदर आहे आणि झटके आलेत" एवढं स्पष्ट सांगा, म्हणजे हे झटके थांबवणारं मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन जिथे मिळेल तिथे गाडी थेट जाईल.

पाणी गेल्यावर नाळ बाहेर दिसली तर ती आत ढकलू नका, ओढू नका. बाईला गुडघे आणि कोपरांवर ओणवं करा, कंबर उंच आणि डोकं खाली. बाळाचं डोकं नाळेवर दाबू नये म्हणून ही स्थिती. गाडी येईपर्यंत तशीच राहू द्या.

आता वाटेतच बाळंतपण. आमच्याकडची जोडपी दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन निघतात ती फाल्गुन-चैत्रापर्यंत उसाच्या फडात असतात. दिवस भरलेली बाई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलेली मी पाहिली आहे. कारखान्यावर जाताना माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या आणि पोचल्याच्या आठवड्यात तिथल्या आशाताईला दाखवा. 108 राज्यात कुठेही लागतो.

डोकं दिसू लागलं असेल तर गाडी थांबवा. हात साबणानं धुवा. तिच्याखाली धुतलेलं लुगडं अंथरा. बाळाला ओढू नका. डोक्याला नुसता तळहाताचा आधार द्या, म्हणजे ते एकदम उसळून येणार नाही. नाळ मानेभोवती असेल आणि सैल असेल तर हळूच डोक्यावरून काढा. बाळ आलं की पहिलं काम कोरडं करणं. मऊ कापडानं डोकं, पाठ, पाय चोळून पुसा. बहुतेक बाळं तेवढ्यानंच रडतात. ओलं कापड टाका, बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवा, वरून दोघांना एकच कोरडं पांघरूण, बाळाच्या डोक्याला टोपरं. पाय धरून उलटं लटकवू नका. नाळ कापायची घाई नको, दवाखान्यात कापतील. विळ्यानं कापून राख लावल्यानं धनुर्वात होतो, हे जुन्या सुईणींनीही डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पुसूनही बाळ रडलं नाही, निळं पडलं, श्वास दिसेना, तर मान सरळ ठेवा, ना पुढे झुकलेली ना मागे टाकलेली. तुमच्या तोंडानं त्याचं नाक-तोंड दोन्ही झाकून गालातल्या हवेपुरतीच हलकी फुंकर द्या. छाती किंचित उचलली की पुरे. अशा फुंकरी देत राहा.

बाळंतपणानंतरचा धोका रक्तस्रावाचा. वार आपोआप पडू द्या, नाळ ओढू नका. वार पडल्यावर बेंबीखाली हात ठेवून बघा: गर्भाशय कडक गोळ्यासारखं लागलं पाहिजे. मऊ असेल तर वरून गोल गोल चोळा, कडक होईपर्यंत. बाळाला लगेच छातीला लावा, त्यानंही गर्भाशय आवळतं. लघवी करायला सांगा. पडलेली वार पिशवीत घालून सोबत न्या. एकामागून एक कापडाच्या घड्या रक्तानं भिजत असतील, बाई पांढरी पडली, घाम सुटला, तर पाय वर करा, अंग झाका आणि गाडीला पुन्हा फोन करा.

लेकरू

लेकराचं शरीर बराच वेळ तग धरतं आणि मग एकदम ढासळतं. म्हणून रडणाऱ्या लेकरापेक्षा गप्प पडलेल्या लेकराची मला जास्त भीती वाटते. आई म्हणते, "ताई, हे आज बघतच नाही माझ्याकडे." हे वाक्य मी थर्मामीटरच्या आधी धरते.

श्वास मोजायला शिका. लेकरू शांत असताना पोटावरचं झबलं वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त श्वास म्हणजे श्वास जोरात आहे, त्याच दिवशी दवाखाना. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर असतील, दूध तोडलं असेल तर लगेच निघा. जुनी माणसं याला "डबा झाला" म्हणतात आणि पोटावर चटके देतात. तो न्यूमोनिया असतो. चटक्यानं जखम होते, आजार आत वाढत राहतो.

घशात शेंगदाणा, चिंचोका, हरभरा अडकला तर आधी बघा, खोकता येतंय का. येत असेल तर खोकू द्या, मध्ये पडू नका. आवाजच बंद झाला असेल आणि मूल वर्षाच्या आतलं असेल तर त्याला तुमच्या हातावर पालथं घ्या, डोकं खाली. दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेनं पाच थापट्या. मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून. वर्षापेक्षा मोठ्याला पाठीवर पाच थापट्या आणि मागून मिठी मारून बेंबीच्या वर आत-वरच्या दिशेनं पाच झटके. वस्तू डोळ्यांनी दिसली तरच बोटानं काढा, अंदाजानं बोट घातलं की ती आणखी खाली जाते. मूल बेशुद्ध झालं तर छातीवर दाब सुरू करा.

शेततळ्याचा प्लास्टिकचा काठ शेवाळानं निसरडा होतो. आत गेलेलं मूल वर चढू शकत नाही. तुम्ही स्वतः उडी मारण्याआधी दोर, ठिबकचा पाइप, साडी टाका. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढू नका, गोल फिरवू नका. श्वास नसेल तर आधी तोंडानं श्वास द्या, मग 30 दाब आणि 2 श्वास असं चालू ठेवा. वर्षाच्या आतल्या बाळाच्या छातीला दोन्ही हातांनी वेढा घालून दोन अंगठ्यांनी साधारण 4 सेंटिमीटर, मोठ्या मुलाला एका हाताच्या टाचेनं साधारण 5 सेंटिमीटर. शुद्धीवर आलं, बोलायला लागलं तरी दवाखान्यात न्याच.

तापात झटके आले तर कुशीवर घ्या, अंगावरचे जाड कपडे काढा, वेळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेले किंवा पुन्हा आले तर 108. दातात चमचा नको.

विंचू. सरपण, गोवऱ्या, दगडाची ताल, पावसाळ्यातले बूट यांत तो असतो. मोठ्या माणसाला मुख्यतः वेदना, पण लेकराला लाल विंचू चावला की काही तासांत हृदय आणि फुप्फुसावर येतं. घामानं न्हाऊन निघणं, उलट्या, हातपाय गार पडणं ही धोक्याची सुरुवात. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाडला काम करताना प्राझोसिन या गोळीनं हे मृत्यू टाळता येतात हे जगाला दाखवलं. उतरवणाऱ्याकडे जाऊन येईपर्यंत ही गोळी द्यायची वेळ निघून जाते.

जमिनीवर झोपलेलं लेकरू पहाटे पोट दुखतंय म्हणून उठलं, पापण्या जड, बोलणं बोबडं, तर मण्यार चावला असं धरून चला, दाताची खूण दिसो वा न दिसो. दोरी आवळू नका, कापू नका, चोखू नका. हात किंवा पाय फळीला बांधून हलणार नाही असा ठेवा आणि कडेवर उचलून न्या. लेकरू लहान म्हणून लस कमी द्या असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. सापानं विष मोठ्या माणसाइतकंच सोडलेलं असतं, म्हणून सर्पदंशाच्या लसीचा डोसही तेवढाच असतो. गरोदर बाईलाही ही लस देतात.

बिसलेरीच्या बाटलीत ओतून ठेवलेलं फवारणीचं औषध प्यायलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, रॉकेल प्यायलं तरी नको. औषध सांडलेले कपडे काढा, स्वतःच्या हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून साबणानं अंग धुवा. औषधाचा मूळ डबा सोबत न्या. भाजलं तर नळाखाली 20 मिनिटं साधं पाणी, बाकी काही लावायचं नाही.

जुलाबात ओआरएसचं अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट ग्लासात टाकून चालत नाही, मीठ जास्त होतं. पाकीट नसेल तर एक लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली कातडी हळू खाली गेली, पीतच नाही, तर सलाईनशिवाय भागणार नाही.

म्हातारं माणूस

म्हातारपणी दुखणं सरळ बोलत नाही. न्यूमोनियात कधी ताप नसतो, हार्ट अटॅकमध्ये कधी छातीत कळ नसते, विशेषतः साखरेच्या रुग्णाला. नुसता घाम, दम, मळमळ, "ॲसिडिटी झाली वाटतं" एवढंच. पायऱ्या चढताना कालपर्यंत न थांबणारा माणूस आज थांबला, तर छातीची पट्टी (ईसीजी) काढायला न्या. तोपर्यंत भिंतीला टेकवून अर्धवट बसवा आणि चालवू नका. एकाएकी बरळायला लागलं, घरच्यांना ओळखेना, तर "वय झालं" म्हणून सोडू नका. काल ठीक होते आणि आज असे आहेत, म्हणजे शरीरात काहीतरी बिघडलं आहे.

ज्याला आपण अंगावरून वारं गेलं म्हणतो, त्या लकव्यासाठी तीन गोष्टी करायला सांगा. हसा, दोन्ही हात समोर उचलून धरा, नाव-गाव सांगा. तोंड वाकडं, एक हात खाली सरकतोय, शब्द अडखळतायत, यातलं एक जरी दिसलं तरी वेळ लिहून ठेवा आणि 108 ला "लकवा" हाच शब्द सांगा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. म्हणून सीटी असलेल्या ठिकाणीच न्या. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, नांदेड आणि लातूरची शासकीय मेडिकल कॉलेजं, यातलं जवळचं कुठलं हे आजच ठरवून ठेवा. चहा-पाणी देऊ नका, गिळता न आल्यानं ते छातीत जातं. घरातली ॲस्पिरिनही देऊ नका, कारण रक्तस्रावाचा लकवा बाहेरून ओळखता येत नाही.

साखर उतरली तरी माणूस असाच दिसतो. एकादशीला उपवास केला आणि साखर कमी करणारी गोळी मात्र घेतली, हे मी प्रत्येक आषाढी-कार्तिकीला बघते. घाम, थरथर, चिडचिड, मग गुंगी. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही नको. बरं वाटलं तरी दवाखाना चुकवू नका, काही गोळ्यांचा असर बराच वेळ राहतो आणि साखर पुन्हा उतरते.

न्हाणीत घसरून पडले, एक पाय आखूड आणि पंजा बाहेर वळलेला, म्हणजे खुब्याचं हाड. बगलेत हात घालून उभं करू नका. दोन पायांमधे उशी ठेवून दोन्ही पाय एकत्र बांधा आणि चादरीसकट चौघांनी उचलून बाजेवर घ्या. डोक्याला मार असेल आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, तर माणूस बोलतोय म्हणून निश्चिंत होऊ नका. डोक्यात रक्त काही तासांनीही साचतं.

उन्हाळा. परभणी-नांदेडकडे वैशाखात पारा 42-43 च्या वर जातो आणि म्हाताऱ्या माणसाला तहानच कमी लागते. अंग तापलेलं, बोलणं भरकटलेलं, म्हणजे उष्माघात. इथे आपली सुतळीची बाज फार कामाची आहे, कारण तिच्या खालूनही वारा लागतो. कडुलिंबाच्या सावलीत बाज टाका, माणसाला तिच्यावर घ्या, पातळ कपडा ठेवून अंगभर पाणी शिंपडा आणि सुपानं, पंख्यानं, जे मिळेल त्यानं सतत वारा घाला. नीट शुद्ध नसेल तर पाणी पाजू नका. गाडीत गेल्यावरही अंग ओलं ठेवा.

म्हाताऱ्याच्या छातीवर दाब देताना बरगडी मोडल्याचा आवाज येतो. तरी थांबू नका. कवळी सैल असेल तर काढा आणि खिशात ठेवा. चष्मा आणि कानाचं यंत्र मात्र लावूनच न्या. ते काढलं की माणूस गोंधळतो आणि डॉक्टरांना वाटतं मेंदूवर परिणाम झालाय.

दिव्यांग व्यक्ती

एका अपघातात ऐकू न येणाऱ्या मुलाचे दोन्ही हात सुरक्षित राहावेत म्हणून कुणीतरी स्ट्रेचरला बांधले. तो सगळ्या रस्त्यानं धडपडत होता आणि सोबतच्यांना वाटलं, डोक्याला मार लागून वेडावलाय. त्याची बहीण पोचली, तिनं एक हात सोडवला. त्यानं पहिली खूण केली ती पोटावर बोट ठेवून. आतून रक्त वाहत होतं. हात बांधले तेव्हा त्याचं बोलणंच बांधलं गेलं होतं. तेव्हापासून मी प्रत्येक आशाताईला सांगते, खुणांनी बोलणाऱ्याचा निदान एक हात मोकळा ठेवा. समोर उभं राहून, मास्क खाली करून, सावकाश बोला. जमलं तर लिहून दाखवा.

दिसत नसलेल्या माणसाला हात लावण्याआधी नाव सांगा आणि काय करणार ते सांगा. त्याला ओढत नेऊ नका, तुमचा कोपर त्याच्या हाती द्या. पांढरी काठी गाडीत चढली पाहिजे.

स्वमग्न किंवा मतिमंद मूल गर्दीत, सायरनच्या आवाजात जास्त बिथरतं. गर्दी हटवा, चालकाला सायरन बंद करायला विनंती करा, एकानंच बोलावं, तेही छोट्या वाक्यात. त्याची आवडती वस्तू हातात राहू द्या. दुखतंय का विचारून उत्तर येणार नाही. आई जे सांगते ते खरं माना. ती म्हणाली "हा असा कान धरत नाही कधी", तर कान बघा. आईला गाडीतून उतरवू नका.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हातपाय नीट न चालणं) असलेल्या मुलाचे हातपाय बळजबरीनं सरळ करू नका. त्याला ज्या स्थितीत आराम पडतो तीच ठेवून उशांचा आधार द्या.

मणक्याला इजा होऊन खुर्चीवर असलेल्या माणसाचं एक संकट फार थोड्यांना माहीत असतं. इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल आणि त्याला एकदम डोकं फुटेल असं दुखायला लागलं, चेहरा लाल, घाम, तर बीपी धोक्याइतकं चढलेलं असू शकतं. त्याला झोपवू नका, ताठ बसवा, पाय खाली सोडा. पट्टा, घट्ट कपडे सैल करा. लघवीची नळी दुमडली आहे का, पिशवी भरली आहे का ते बघा; बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं. ते दूर होऊनही कमी झालं नाही तर 108.

खुंटीवरची पिशवी आणि गाडीत काय सांगायचं

दाराच्या आत खुंटीला एक प्लास्टिकची पिशवी अडकवा. त्यात एका कागदावर नाव, वय, रक्तगट, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी, आधीचं ऑपरेशन, दोन फोन नंबर. गरोदर असेल तर माता-बाल कार्ड आणि बाळंतपणाची तारीख, दिव्यांग असेल तर यूडीआयडी कार्डाची (दिव्यांग ओळखपत्राची) झेरॉक्स आणि "हा बोलत नाही, खुणा समजतात" असं मोठ्या अक्षरात. गोळी बदलली की कागद बदला. त्यातच ओआरएसची दोन पाकिटं, साखरेची पुडी, साबणाची वडी, धुतलेलं सुती कापड.

रस्त्यावर अनोळखी जखमी दिसला तर पोलिसांच्या भीतीनं तसेच पुढे निघून जाऊ नका. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं कलम 134अ आलं आहे. मदत करणाऱ्याला स्वतःचं नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

गाडी आली की सगळ्यांनी मिळून बोलू नका. जो रोज सोबत असतो तोच पुढे होईल, मग ती सून असो की आठ वर्षांची नात. त्यानं सांगायचं: किती वाजता सुरू झालं, एरवी हे माणूस कसं असतं आणि आता काय वेगळं आहे, तोंडातून काय दिलं, आपण काय काय केलं. चुकून काही दिलं असेल, जडीबुटी, घरचं औषध, तेही लपवू नका. डॉक्टरांना ते राग धरायला नको असतं, पुढचं इंजेक्शन ठरवायला हवं असतं.